काळ्या मातीचं अंदाजपत्रक

सोयाबीन बियाण्याच्या कंपनीची
दोन हजार अकराची डायरी, जवळजवळ कोरी,
तिच्यात घर मांडलंय आम्ही.
पाया चौदा जानेवारीला,
विटा फेब्रुवारीभर,
सळई मार्चच्या पहिल्या आठवड्यात,
पण भाव रोज हलतो म्हणून पेन्सिलीनं.
खोडरबराची भुकटी झटकत श्रीपाद विचारतो,
"पाडव्यानंतर उतरेल का गं सळई?"
जसा काही पीथमपूरला माझाच कारखाना आहे.

राऊच्या पुढे, तीस बाय पन्नास.
तीन बाजूंना दुसऱ्यांचे प्लॉट, चौथीकडे रस्ता व्हायचाय.
कोपऱ्यात दगड, दगडावर लाल रंगात आमचा नंबर,
आणि नंबराला पाठ घासत कायम एक शेळी.

तीस वर्षं वीज मंडळाच्या हिशेबखात्यात
अख्ख्या इंदूरच्या युनिटांचे ताळे जुळवले मी.
आता घरचाच जुळेना.
एकोणतीस लाख सदतीस हजार, सगळं धरून:
फंडाचे, पोस्टातले,
आणि धाकट्या दिरांनी देवासहून पाठवलेले,
"परत नकोत" असं बजावून,
जे मी वेगळ्या पानावर लिहिलेत
परत करायचे म्हणून.

मंडलोई इंजिनियरनं खड्डा खणवला.
चार फूट, सहा फूट,
काळी माती संपायचं नाव घेईना.
मूठभर उचलून त्यानं माझ्या हातावर ठेवली.
"भाभीजी, नींव में कंजूसी नहीं."
उन्हात फाटते ही, पाण्यात फुगते,
पिकाला माहेर, भिंतीला सासुरवास.
मुरूम लागला नऊ फुटांवर.
म्हणजे दोन लाख दहा हजार जास्तीचे
अशा जागी, जिथं वास्तुशांतीला आलेल्यांना
"या, हे बघा" म्हणून नेता येणार नाही.

त्या रात्री कापाकापी.
संगमरवर गेला, कोटा आला.
सागवानी दार गेलं, चौकट तेवढी सागाची राहिली.
जिना आतून होता तो बाहेर गेला,
मग जिनाच गेला.
आणि वरची खोली,
ऋजुता बंगळुरूहून येईल तेव्हाची,
तिच्यावर पेन्सिल नुसती आडवी ठेवली
आणि दोघंही बसलो
आधी रेघ कोण ओढतंय ते बघत.

फोनवर तीच म्हणाली,
"वर्षातून अकरा दिवस येते मी, आई.
भागून बघ ना, रात्रीला केवढ्याला पडते खोली."
भागलं. दहा वर्षांचं धरून भागलं.
विजयनगरातल्या हॉटेलापेक्षा महाग.
खूप हसलो तिघं.
फोन ठेवल्यावर श्रीपाद उगाच पानं उलटत पुढे गेला,
तर नऊ नोव्हेंबरला माझंच अक्षर:
अण्णांच्या गोळ्या २४०. रिक्षा ६०. पेरू १५.
एवढंच. त्या वर्षाचं दुसरं काहीच नाही.
पेरू त्यांनी खाल्ला होता का, त्यानं विचारलं.
अर्धा, मी म्हटलं.
संडास-बाथरूमचा खर्च आम्ही
दहा नोव्हेंबरपासून लिहिला.

ठरलं ते असं:
खोली नाही.
पण खांबांच्या सळया स्लॅबच्या वर
दीड हात तशाच सोडायच्या,
गंजू नयेत म्हणून सिमेंटचं पाणी पाजून.
त्याचे अठरा हजार.
हे मात्र पेनानं.

गेंदालाल मिस्त्रीनं चुन्याची फक्की धरून
वर आभाळाकडे बोट केलं,
"ऊपर का कब तक, बाबूजी?"
श्रीपादनं चष्मा पुसला.
"देखेंगे," म्हणाला,
आणि शेळीला हुसकायला गेला.

एकंदर बेरजेत एक लाख चाळीस हजार
अजून कमी पडतायत.
ते मी एकतीस डिसेंबरला लिहिलेत.
त्या पानाखाली पत्त्यांसाठीची
बरीच पानं कोरी आहेत.